अश्वगंधेला नत्र कोणतं? दोन एकर, चार पट्टे आणि एक अवकाळी पाऊस

पार्श्वभूमी

हे प्रकरण बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावचं. शेतकऱ्याचं नाव देत नाही. मी त्यांना भाऊ म्हणतो, इथेही तेवढंच पुरे. माती आणि खतांबाबत सल्ला द्यायला मी त्यांच्याकडे गेलो, तोवर त्यांच्या अश्वगंधेचा पहिला हंगाम हातचा गेला होता.

वावर दोन एकरांचं. धुऱ्यालगतचं वरचं अंग मुरमाड, उताराने खाली यावं तशी जमीन काळी आणि भारी होत जाते. अगदी खालच्या टोकाला चुनखडीचे खडे उघडे दिसतात. घरची पिकं सोयाबीन आणि कपाशी. एका नातेवाइकाने मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात आसगंध, म्हणजे अश्वगंधेची मुळी, विकून बरे पैसे केले होते. ते पाहून भाऊंनी बेत आखला: जूनमध्ये मूग पेरायचा आणि ऑगस्टअखेर तो काढून त्याच रानात अश्वगंधा घ्यायची.

बेत चांगलाच होता. अश्वगंधा हे निचऱ्याच्या हलक्या जमिनीत, परतीच्या पावसावर येणारं पीक आहे. साधारण १५० ते १८० दिवसांत फळं लाल होतात, पानं वाळायला लागतात आणि मग झाड मुळासकट उपटायचं. मुगाच्या मागे आल्यामुळे जमिनीत थोडं नत्र आयतं मिळतं, तेही चांगलंच. घोटाळा झाला तो पुढे, खतात.

अडचण

पहिल्या वर्षी पीक कमरेएवढं वाढलं. जानेवारीतही पानं हिरवीगार होती. उपटायला सुरुवात केली तेव्हा मुळ्या निघाल्या बारीक, फाटे फुटलेल्या आणि चिवट. नीमचला व्यापाऱ्याने पोत्यातून एक मुळी काढली, दोन्ही हातांनी वाकवली. ती वाकली, तुटली नाही.

आसगंधेच्या बाजारात ही परीक्षा जुनी आहे. उत्तम प्रतीची मुळी सुमारे ७ सेंटीमीटर लांब, १ ते १.५ सेंटीमीटर जाड, आतून पांढरी आणि ठिसूळ असते; वाकवली की ती ‘कट्’ आवाज करत तुटते. तो पांढरेपणा मुळीत साठलेल्या पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, असतो. पिष्ट कमी आणि धागा जास्त असला की मुळी लवते. भाऊंचा बहुतेक माल खालच्या दोन प्रतींत गेला.

“साहेब, झाडं पाहून लोक वावरात येऊन फोटो काढत होते,” ते मला फोनवर म्हणाले. “मुळी पाहून कोणी काहीच बोललं नाही.”

त्याच आठवड्यात त्यांच्यासमोर पहिला निर्णय येऊन उभा राहिला. एका मध्यस्थाने वाळलेला पाला विकत घ्यायची तयारी दाखवली. पाला भरपूर होता आणि तोटा थोडा भरून निघाला असता. अश्वगंधेतली औषधी द्रव्यं म्हणजे विथॅनोलाइड; ती पानांतही असतात, पण त्यांचा मेळ मुळातल्यापेक्षा वेगळा असतो. पानांत विथाफेरिन-ए भरपूर असतं आणि ते पेशींना मारक ठरणारं द्रव्य आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेची पानं न वापरण्याची सूचना दिलेली आहे. हा पाला कोणाच्या तरी चूर्णात मुळी म्हणून जाणार, हे उघड होतं. भाऊंनी नाही म्हटलं. पैशांची ओढ असताना म्हटलेलं ते नाही मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या सगळ्या प्रयोगाला मी मनापासून जोडला गेलो, त्याचं हेही एक कारण.

कारण शोधताना

मी खतांच्या पावत्या मागितल्या. पेरणीला एकरी एक गोणी डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत), महिनाभराने एक गोणी युरिया, फुलकळी दिसायला लागल्यावर आणखी एक. कपाशीची सवय जशीच्या तशी इकडे आली होती.

हिशेब मांडू. ५० किलो डीएपीत १८ टक्के, म्हणजे ९ किलो नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो; अशा दोन गोण्या. बेरीज एकरी ५० किलोच्या वर, हेक्टरी सुमारे १२५ किलो. हलक्या कोरडवाहू जमिनीत या पिकासाठी हेक्टरी १५ किलो नत्र आणि तेवढंच स्फुरद अशी शिफारस छापली जाते. आठपटीपेक्षा जास्त. त्यात दर पंधरा दिवसांनी तुषार सिंचन.

युरियाची निमकोटेड गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एवढ्या स्वस्तात मिळणारं नत्र आखडत्या हाताने टाकावं, असं कोणाला वाटेल? मी भाऊंना दोष देत नाही. पण इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती. कपाशीत आपण बोंड विकतो, सोयाबीनमध्ये दाणा. अश्वगंधेत विकतो ते साठवणीचं मूळ, आणि त्यातही त्यातली द्रव्यं. मुबलक नत्र आणि पाणी मिळालं की झाड पानं आणि फांद्या वाढवत राहतं. पानांत तयार झालेली साखर त्या वाढीतच खर्च होते, मुळात साठवायला उरते ती थोडी.

द्रव्यांबाबत आणखी एक मुद्दा आहे. विथॅनोलाइड हे २८ कार्बनच्या सांगाड्याचे स्टेरॉइडी लॅक्टोन. विथाफेरिन-ए चं सूत्र रासायनिक चिन्हांऐवजी मराठीत सांगायचं तर २८ कार्बन, ३८ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. नत्राचा एकही अणू नाही. उलट याच कुळातल्या तंबाखूचं निकोटिन हे अल्कलॉइड आहे; त्यात नत्र आहे, ते झाडाच्या मुळांमध्ये तयार होतं आणि नत्राचं खत वाढवलं की वाढतं. त्यामुळे ‘औषधी वनस्पतीला नत्र चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही. आपण विकतो त्या द्रव्यात नत्र आहे का, हे आधी विचारावं लागतं. अल्कलॉइडचं पीक असेल तर नत्र हा कच्चा माल. विथॅनोलाइड, फिनॉल किंवा सुगंधी तेलाचं पीक असेल तर वाढ जोरात होते आणि द्रव्याचं प्रमाण बहुधा पातळ होतं. अश्वगंधेत अल्कलॉइडही असतात, पण खरेदीदार तपासतो ते विथॅनोलाइड.

पुतण्याचा प्रश्न

भाऊंचा पुतण्या कृषी पदवीधर. वाचणारा, प्रश्न विचारणारा मुलगा. तो म्हणाला, “सर, प्रश्न फक्त किती नत्र दिलं याचा नाही. कोणत्या रूपात दिलं, त्याचाही आहे.” त्याच्याकडे उदाहरण होतं आणि ते भक्कम होतं.

जपानमध्ये शिकोनिन नावाचं जांभळट-लाल रंगद्रव्य एका औषधी वनस्पतीच्या मुळापासून पिढ्यान्‌पिढ्या काढलं जातं. क्योटो विद्यापीठात मामोरू ताबाता यांच्या गटाने त्या वनस्पतीच्या पेशी पोषक द्रावणात वाढवल्या. द्रावणात अमोनियम असलं की पेशी वाढत, पण रंग धरत नसत. सगळं नत्र नायट्रेटच्या रूपात दिलं की शिकोनिन तयार होई. १९८० च्या दशकात मित्सुई पेट्रोकेमिकलने यावरच दोन टप्प्यांची पद्धत उभी केली: आधी एका द्रावणात पेशी वाढवायच्या, मग दुसऱ्या द्रावणात त्यांच्याकडून रंग तयार करून घ्यायचा. ते शिकोनिन लिपस्टिकमध्ये वापरलं गेलं. नत्राचं रूप बदललं आणि वनस्पतीचं रसायन बदललं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

पुतण्याचा निष्कर्ष: आपणही कॅल्शियम नायट्रेट टाकू.

त्याचं वाचन खरं होतं, निष्कर्ष घाईचा होता. काचेच्या भांड्यात आपण अमोनियम दिलं तर पेशीला अमोनियमच मिळतं. शेतात तसं होत नाही. ओल आणि ऊब असली की युरिया चार-पाच दिवसांत अमोनियम होतो आणि जमिनीतले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करून टाकतात. सप्टेंबरच्या उबदार मातीत याला दोन-तीन आठवडे पुरतात. कडुलिंबाचं आवरण हा वेग थोडा कमी करतं, इतकंच. म्हणजे आपण गोणीतून काहीही टाकलं तरी महिनाभराने मूळ पितं ते बरंचसं नायट्रेटच. डिसेंबरात माती गार पडते तेव्हा हे रूपांतर मंदावतं आणि उशिरा टाकलेलं अमोनियम जास्त काळ अमोनियम म्हणून टिकतं.

मग रूपाला शेतात महत्त्वच नाही का? आहे, पण दुसऱ्या वाटांनी. मूळ अमोनियम घेतं तेव्हा बाहेर आम्ल सोडतं आणि मुळाभोवतीचा सामू (pH) उतरतो. नायट्रेट घेतं तेव्हा तो चढतो. चुनखडीच्या जमिनीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण सामू जरा उतरला तरी लोह मोकळं होतं आणि पिवळी पडलेली कोवळी पानं हिरवी होतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं, नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं किंवा साचलेल्या पाण्यात वायू होऊन उडतं. युरिया चुनखडीच्या ओल्या मातीवर उघडा पडला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. अमोनियम सल्फेटचंही तसंच, म्हणून दोन्ही मातीआड करावी लागतात. अमोनियम जास्त झालं तर ते झाडाला सोसवत नाही, पोटॅश आणि कॅल्शियम घेण्यात अडथळा येतो. नायट्रेट झाड साठवून ठेवू शकतं, अमोनियम नाही.

हे सगळं पारावर बसून सांगायला तास गेला. पुतण्याने शेवटी विचारलं, “मग आपल्या मातीत काय होतं, हे आपल्यालाच बघावं लागेल ना?”

समोर असलेले पर्याय

माती तपासली. सामू ८.२, सेंद्रिय कर्ब कमी, खालच्या भागात मुक्त चुना भरपूर. त्यावर चार वाटा होत्या.

पहिली, अश्वगंधा सोडून रब्बीत हरभरा. घरातल्या थोरल्यांचं मत हेच होतं, आणि ते अविचाराचं नव्हतं. दुसरी, नत्राचं खत बंद. मुगाचा पाला आणि शेणखत यांवरच पीक घ्यायचं. तिसरी, तेच नत्र शिफारशीइतकं कमी करून एकदाच द्यायचं, युरियातून किंवा अमोनियम सल्फेटमधून. चौथी, पुतण्याचं कॅल्शियम नायट्रेट.

मी सुरुवातीला तिसरी वाट सुचवून मोकळा होणार होतो. पण पुतण्याचं म्हणणं रास्त होतं, म्हणून दुसरी, तिसरी आणि चौथी वाट शेजारी-शेजारी पट्ट्यांत करून बघायचं ठरलं. निम्मं वावर हरभऱ्याला द्यायची तडजोडही पुढे आली. ती टाळली, कारण एका एकरात चार पट्टे फारच चिंचोळे झाले असते. भाऊंनी एका वर्षाची मुदत मागितली. घराने दिली.

काय केलं

१५ गुंठ्यांचे चार पट्टे आखायचे ठरले, उरलेले गुंठे कडेला आणि मधल्या वाटांना. मी कागदावर पट्टे आडवे काढले, धुऱ्याला समांतर. मोजायला सोपे. कागद पाहून वहिनी म्हणाल्या, “वरच्या अंगाला काहीही पेरा, मुळी चांगलीच येते. मग खताचं कसं कळणार?”

खरं होतं. मी आखलेला आडवा पट्टा मुरमावर पडला असता तर तिथलं खत जिंकलं असतं, आणि आम्ही त्या खताची जाहिरात करत फिरलो असतो. पट्टे उभे केले. प्रत्येक पट्ट्याला मुरूम, काळी आणि चुनखडी तिन्ही मिळाली. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा बदल तो हाच, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नाही.

खताच्या तीन पट्ट्यांत नत्र सारखं ठेवलं, एकरी ६ किलो, म्हणजे हेक्टरी १५. एका पट्ट्याला त्यातलं सव्वादोन किलो. त्यासाठी युरिया ४.९ किलो, अमोनियम सल्फेट ११ किलो, कॅल्शियम नायट्रेट १४.५ किलो. चौथ्या पट्ट्याला फक्त शेणखत. ते इतर तिघांनाही तेवढंच दिलं. स्फुरदासाठी डीएपी टाळून सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं. डीएपीतून अमोनियम नत्र गुपचूप आत शिरलं असतं. शिवाय अमोनियम सल्फेटमध्ये गंधक असतं. सुपर फॉस्फेटमधून ते सगळ्याच पट्ट्यांना मिळाल्यामुळे ‘फरक अमोनियमचा की गंधकाचा’ ही शंका बरीचशी मिटली.

पेरणी तिफनीने ओळीत. २५ दिवसांनी विरळणी, आणि विरळणीनंतर लगेच नत्र, ओळीच्या बाजूला चार बोटं खोल, मातीआड. कळी धरल्यावर काहीही द्यायचं नाही असं ठरलं. तुषारचे पाइप गोठ्यात ठेवून दिले.

नोव्हेंबरचा पाऊस

ऑक्टोबरअखेर अमोनियम सल्फेटचा पट्टा चुनखडीच्या टोकाला इतरांपेक्षा हिरवा दिसत होता. कॅल्शियम नायट्रेटचा पट्टा सुरुवातीला सगळ्यांत पुढे होता, कारण ते खत मुळाला तयारच मिळतं. पुतण्या खूश होता.

नोव्हेंबरात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. खालच्या काळ्या भागात पाणी साचलं. पुढच्या दहा-बारा दिवसांत नायट्रेटच्या पट्ट्याचं खालचं टोक फिकट पडलं. इतर पट्टेही थोडे उतरले, पण इतके नाहीत.

पुतण्याला तिथे पुन्हा थोडं खत द्यायचं होतं. भाऊंचाही हात युरियाच्या गोणीकडे वळला. फिकट पीक बघत बसणं शेतकऱ्याच्या जिवावर येतं, ते मी समजू शकतो. आम्ही तिघं धुऱ्यावर बराच वेळ बोललो. खत दिलं असतं तर पट्टा हिरवा झाला असता आणि पीक मागच्या वर्षीच्याच वाटेने गेलं असतं: उशिरा नत्र, उशिरा पाला, साठवणीच्या दिवसांत पुन्हा वाढ. शिवाय तुलनाही मोडली असती. शेवटी दिलं नाही. पाणी निघावं म्हणून खालच्या बाजूला एक चर तेवढा काढला. तो पेरणीआधीच काढायला हवा होता.

निष्पत्ती

फेब्रुवारीत पानं वाळली, फळं लाल झाली. चारही पट्टे वेगवेगळे उपटले, वेगवेगळ्या ताडपत्र्यांवर वाळवले, पोत्यांना वेगवेगळ्या रंगांच्या सुतळ्या बांधल्या.

वाळलेल्या मुळीच्या वजनात युरिया आणि अमोनियम सल्फेट बरोबरीचे निघाले. जो काही फरक होता तो एका पट्ट्याच्या तुलनेत बोलण्यासारखा नव्हता. फक्त चुनखडीच्या टोकाला अमोनियम सल्फेटची मुळी स्पष्टपणे जाड होती. शेणखताचा पट्टा वजनात थोडा मागे, पण मुळी सगळ्यांत ठिसूळ आणि पांढरी. नायट्रेटचा पट्टा वरच्या अंगाला चांगला, खाली पडलेला, एकूण शेवटचा.

प्रत्येक पट्ट्याचा एक नमुना विथॅनोलाइडच्या तपासणीला पाठवला. टक्केवारीत शेणखताचा पट्टा वरचढ होता. वजन आणि टक्केवारी यांचा गुणाकार केला तर युरिया आणि अमोनियम सल्फेट पुढे गेले. नेमके आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. एका नमुन्यावरचा आकडा छापला की तो शिफारस म्हणून गावोगाव फिरतो, आणि त्याच्या भरवशावर कोणी दहा एकर पेरतं.

नीमचला या वेळी बहुतेक माल वरच्या दोन प्रतींत गेला. भाऊंनी पहिली मुळी व्यापाऱ्याच्या आधी स्वतःच तोडून दाखवली.

पुन्हा करायचं झालं तर

नत्राचं प्रमाण आणि पाणी ही दोन्ही आम्ही एकाच वर्षी बदलली. मालाची प्रत सुधारली ती नत्र कमी केल्याने की तुषार बंद केल्याने, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. भाऊंचं पीक वाचवायचं होतं, म्हणून तसं केलं, आणि तो निर्णय मी आजही तसाच घेईन. पण दोन गुंठ्यांचा एक तुकडा जुन्या पद्धतीने ठेवायला काय हरकत होती? तो ठेवला असता तर उत्तर मिळालं असतं. हे माझ्याकडून राहिलं.

प्रत्येक खताचा एकच पट्टा होता. उभे पट्टे करून उताराचा दोष गेला, तरी शेजारच्या विहिरीच्या पाझराचा एका कडेच्या पट्ट्याला लाभ झाला असणार. पट्टे अरुंद करून प्रत्येक खत तीन ठिकाणी द्यायला हवं होतं, चिठ्ठ्या टाकून.

तपासणीचा नमुना घेताना वरच्या आणि खालच्या भागातली मुळी आम्ही एकत्र केली. नायट्रेटच्या पट्ट्यात तेच नेमकं चुकलं. पावसात बुडालेला भाग आणि न बुडालेला भाग ही दोन वेगळी पिकं होती, आणि आम्ही त्यांची सरासरी काढली. पुतण्याच्या म्हणण्याची खरी परीक्षा वरच्या भागात झाली असती. तिथे नायट्रेट वाहून गेलं नव्हतं आणि मुळीही चांगली होती. जाड-बारीक मुळ्याही वेगळ्या करायला हव्या होत्या, कारण साल आणि गाभा यांचं प्रमाण जाडीप्रमाणे बदलतं आणि त्याने तपासणीचा आकडा हलतो.

वाळवणीतही एक चूक झाली. जागा अपुरी पडली म्हणून एक पट्टा दोन दिवस सावलीत राहिला, बाकीचे उन्हात. हे मला वहीतल्या नोंदीवरून नंतर कळलं.

यंदा भाऊंनी वावराचे दोन भाग केलेत. वरच्या मुरमाड भागात फक्त शेणखत, तो माल वेगळा विकण्यासाठी. खालच्या चुनखडीच्या भागात विरळणीनंतर एकदाच अमोनियम सल्फेट, मातीआड. नत्राच्या किलोमागे ते युरियापेक्षा महाग पडतं, पण लागतं थोडं, म्हणून भाऊंना परवडतं. मधल्या भागात पुतण्याने सहा लहान चौकोन आखलेत, तीन नायट्रेटचे आणि तीन युरियाचे, चिठ्ठ्या टाकून. चर या वेळी पेरणीच्या आधीच निघाला आहे.